घोडे बदलायचे ते बदलापूर: न लागणाऱ्या आजारांची गोष्ट

हा भाग ज्यांनी लोकलच्या गर्दीत ऐकला आणि अर्धा गाडीच्या खडखडाटात गेला, त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर. बोलताना जिथे मी अडखळलो ते गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात आपल्याच स्टेशनवरून करू. बदलापूरला हे नाव कसं पडलं? इथल्या कुठल्याही शाळेतलं पोर सांगेल. शिवाजी महाराजांचे घोडेस्वार सुरतेच्या वाटेवर इथे थांबायचे, दमलेले घोडे सोडायचे, ताजे घ्यायचे. घोडे बदलायचे म्हणून बदलापूर. ही लोककथा आहे, तशीच ऐका. पण मला लहानपणापासून या कथेतला एक प्रश्न छळायचा. ताज्या घोड्यावर बसून स्वार निघून गेला, ठीक. मागे राहिलेल्या घोड्याचं काय झालं?

घोडा दिसतो दणकट, पण आतून फार नाजूक. त्याला उलटी करता येत नाही. जठर शरीराच्या मानाने लहान, आणि आतडं मात्र वीसेक मीटरच्या पुढे. चुकीच्या वेळी भरपेट दाणा दिला, चाऱ्यात माती-वाळू गेली, की पोटशूळ. घोडा पाय आपटतो, वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघतो, जमिनीवर लोळतो. आतड्याला पीळ बसला तर काही तासांत खेळ खलास. दाणा जास्त झाला तर खुराच्या आतला मांसल भाग सुजतो आणि उभं राहणंही नकोसं होतं. आणखी एक आजार तर मजेशीर वाटेल. युरोपात गाडी ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी असायची, पण खुराक मात्र रोजचाच. सोमवारी सकाळी जुंपले की पाठीचे नि मांड्यांचे स्नायू लाकडासारखे ताठ आणि लघवी काळपट. त्या आजाराचं नावच 'सोमवार सकाळचा आजार' पडलं. (सोमवारी ८:१२ ची फास्ट पकडणाऱ्यांनी यावर हसू नये.)

यातलं काहीही एका घोड्याचं दुसऱ्याला लागत नाही. शेजारच्या खुंट्यावरचा घोडा मजेत चंदी खात असतो. हे जुन्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. आपल्याकडे घोड्यांच्या वैद्यकाची परंपरा शालिहोत्र ऋषींच्या नावाने ओळखली जाते, नकुलाच्या नावावर 'अश्वचिकित्सा' आहे, जयदत्ताचं 'अश्ववैद्यक' आहे. शालिहोत्रावरूनच 'सलोत्री' हा शब्द आला, म्हणजे घोड्यांचा वैद्य. इंग्रजांच्या फौजेतही हाच शब्द चालायचा. सलोत्र्याचं आणि नालबंदाचं रोजचं काम हेच असायचं: पोट, पाय, खूर, पाठीवरच्या खोगिराच्या जखमा.

मग रेल्वे आली. १८५३ ला मुंबई-ठाणे, १८५४ ला कल्याण, १८५६ ला आपल्या बदलापूर-नेरळवरून थेट खोपोलीपर्यंत. १८६३ मध्ये बोरघाटही पार झाला. घोडे बदलायची गरज उरली नाही, फक्त नाव उरलं. पण घोड्यांची सुटका झाली म्हणता? ते मुंबईला कामाला लागले. १८७४ मध्ये मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. कंपनीच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते, आणि उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून त्यांच्या डोक्यावर टोप्या चढवत. डोळ्यांसमोर आणा जरा: कुलाब्याहून पायधुणीकडे निघालेली ट्राम आणि पुढे टोपीवाले घोडे! पुढे १९०७ मध्ये विजेची ट्राम आली तेव्हा कुठे तेही सुटले.

आता इथून गोष्ट थोडी वळते. त्यासाठी मला माझ्या आजोबांच्या गोठ्यात जावं लागेल.

आमचं मूळ गाव बदलापूरपासून आत, बारवी धरणाच्या अंगाला. आजोबांकडे एक तांबूस गाय होती. सगळे तिला तांबू म्हणायचे. मी पाचवीत असेन. तांबू सातवा महिना गाभण होती आणि एकाएकी तिने वैरणीवरून तोंड फिरवलं. रवंथ बंद. पाठीला कमान काढून उभी राहायची, पुढचे पाय कोपरातून बाहेर फाकवून. गोठ्यातून अंगणात यायला छोटा उतार होता. चढताना काही नाही, पण उतरताना ती कण्हायची. तो आवाज मला अजून आठवतो, माणसासारखाच होता. दूध नाही, ताप थोडासाच. काही दिवसांनी गळ्याखालची पोळी पाणी भरल्यासारखी सुजली.

गावात बातमी फिरली की अमक्याच्या गाईला रोग झालाय. शेजारच्यांनी आपली गुरं आमच्या कुंपणाकडे आणणं बंद केलं. पाणवठ्यावर आजी घागर घेऊन गेली की बाया सरकून उभ्या राहायच्या. मग सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी तांबूच्या खांद्यामागे पाठीची कातडी चिमटीत धरून दाबली. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली वाकवते. तांबू वाकली नाही, कण्हली. डॉक्टर आजोबांना म्हणाले, "तात्या, घाबरू नका, हे दुसऱ्या जनावराला लागणार नाही. हा हिचा एकटीचा आजार."

आजोबांना हायसं वाटलं असेल, असं मला तेव्हा वाटलं. त्यांचा चेहरा मात्र तसा नव्हता.

'हिचा एकटीचा आजार.' मोठा झाल्यावर मी इतिहास वाचायला लागलो, आणि गुरांच्या दवाखान्यांचा इतिहास वाचताना हे वाक्य मला सारखं आठवत राहिलं. कारण आपल्याकडची जनावरांची जवळजवळ सगळी सरकारी यंत्रणा 'एकटीच्या' आजारासाठी उभी राहिलेली नाही. ती साथीसाठी उभी राहिली.

बघा ना. एकोणिसाव्या शतकात बुळकांडीने गावंच्या गावं बैलांशिवाय ओस पडायची. बैल नाही म्हणजे नांगर नाही, गाडी नाही, फौजेची रसद नाही, महसूलही नाही. तेव्हा इंग्रज सरकार हललं. कॅटल प्लेग कमिशन नेमलं, त्याचा अहवाल १८७१ मध्ये आला. १८८९ मध्ये आपल्या पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली, ती १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. आज तिलाच आपण भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था म्हणून ओळखतो. १८९९ मध्ये घोड्यांच्या ग्लँडर्स रोगासाठी वेगळा कायदा झाला. थेट २००९ मध्ये जो केंद्राचा कायदा झाला तोही संसर्गजन्य आणि सांसर्गिक रोगांसाठीच. याचं फळही मिळालं, ते नाकारायचं कारण नाही. भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये तो रोग अख्ख्या जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाने पृथ्वीवरून आजवर दोनच रोग पुसलेत, एक देवी आणि दुसरी ही बुळकांडी. शाळेत देवीबद्दल शिकवतात, बुळकांडीबद्दल कोणी शिकवत नाही. असो, माझा राग नंतर.

मग लंगड्या, म्हाताऱ्या, पोट फुगलेल्या, हाड मोडलेल्या जनावराचं कोण होतं? तर सरकार नाही, दानशूर माणसं होती. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्यावरून मोठी दंगल झाली होती. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरापोळ सुरू केली. ज्या वर्षी घोड्यांची ट्राम आली त्याच १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था निघाली, आणि पुढच्या दहा वर्षांत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं. तिथेच १८८६ मध्ये बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. म्हणजे साथ असेल तर कमिशन आणि कायदा, साथ नसेल तर शेठ आणि धर्मादाय. आणि हे सगळं मुंबईत. बदलापूरच्या गोठ्यातल्या गाईला काय, तर जाणता म्हातारा, डाग देणं आणि नशीब.

याचा अर्थ या आजारांवर विज्ञानाने काही केलंच नाही असा नाही. दुग्धज्वराचंच घ्या. जास्त दूध देणारी गाय-म्हैस व्याली की एक-दोन दिवसांत आडवी होते, मान पोटाकडे वळवून निपचित पडते. नाव 'ज्वर', पण हात लावाल तर कान गार! एकोणिसाव्या शतकात यात निम्म्याहून जास्त गाई दगावायच्या. १८९७ मध्ये डेन्मार्कमधल्या श्मिट नावाच्या पशुवैद्याला वाटलं की विष कासेत तयार होतंय, म्हणून त्याने सडांतून औषध सोडलं. गाई उठायला लागल्या. मग कोणीतरी औषधाऐवजी नुसती हवा भरून बघितली, तरी उठल्या! म्हणजे सायकलच्या ट्यूबसारखी कास फुगवायची आणि मेलेली वाटणारी गाय तासा-दोन तासांत उभी. कारण चुकीचं, उपाय बरोबर. खरं कारण १९२५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रेग आणि ड्रायर यांनी मांडलं: व्याल्याबरोबर दुधात इतकं कॅल्शियम जातं की रक्तातलं संपत येतं. हवेने कासेत दाब वाढायचा, दूध उतरणं थांबायचं, कॅल्शियम वाचायचं. आज डॉक्टर शिरेतून कॅल्शियमची बाटली लावतात आणि बाटली संपायच्या आत म्हैस उठू बघते. मी हे एकदा उल्हासनगरजवळच्या तबेल्यात बघितलंय. जादूच वाटते.

पण हा आजार इतका वाढला का? कारण आपण जास्त दुधाचं जनावर शहराजवळ आणलं. १९४९ मध्ये आरे कॉलनी सुरू झाली, मुंबईच्या गल्ल्यांतल्या म्हशी तिकडे हलवायला. आणि त्याच वर्षी, ८ ऑगस्ट १९४९ ला, कल्याणजवळच्या महायुद्धातल्या लष्करी छावण्यांना गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नवं नाव मिळालं: उल्हासनगर. सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसं त्या बराकींत राहिली. पत्त्यात कॅम्प नंबर १ ते ५ आजही आहेत. लोकांनी पापड लाटले, कपडे शिवले, शून्यातून धंदे उभे केले. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तुमच्या वडिलांनीही ऐकला असेल. शेजारी अंबरनाथला कारखाने आले, एमआयडीसी आली. आणि माणसं, कारखाने, बाजार म्हटलं की कचरा आला.

आता परत तांबूकडे.

गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेचा विळखा घालून चारा ओढते आणि फारसं न चावता गिळते. निवांत चावायचं काम नंतर, रवंथ करताना. जिभेवर आणि गालाच्या आतून मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात आलेली नको ती वस्तू थुंकणं तिला अवघड. माणूस घासातला खडा बाहेर काढतो, शेळी ओठांनी निवडून खाते, गाय मात्र भरवशावर खाते. जड वस्तू पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते, ज्याची आतली बाजू मधाच्या पोळ्यासारखी असते. हा कप्पा मिनिटाला एकदा तरी आवळतो. त्याच्या पुढे लगेच पडदा, आणि पडद्याच्या पलीकडे हृदय. मध्ये अंतर किती, तर दोन-चार बोटं. तार सरळ असेल तर प्रत्येक आवळीबरोबर पुढे सरकते. गाभण गाईचं वाढतं वासरू मागून ढकलतं, ते वेगळंच.

तांबू नवव्या दिवशी गेली. डॉक्टरांनी आजोबांची परवानगी घेऊन शेताच्या बांधावर तिला उघडलं. मला घरात थांब म्हणाले होते, मी अर्थातच थांबलो नाही. हृदयाभोवतीच्या पिशवीत घाण वासाचा पू होता आणि त्यात माझ्या करंगळीएवढी गंजकी तार. गवताच्या गासड्या बांधतात तसली. ठाणे जिल्ह्यातलं गवत पिढ्यानपिढ्या मुंबईच्या तबेल्यांना जात आलंय. गासडी फुटली की तारेचे तुकडे पडतात, चाऱ्यात मिसळतात. मुंबईच्या म्हशीचं गवत बांधणारी तार आमच्या गाईच्या काळजात.

जगभर पशुवैद्य यावर लोहचुंबक वापरतात. गुळगुळीत लांबट चुंबक गाईला गिळायला देतात, तो त्याच दुसऱ्या कप्प्यात बसतो आणि आलेली तार धरून ठेवतो, आयुष्यभर. उपाय तितका साधा. पण चुंबकाला प्लास्टिक चिकटत नाही, आणि उल्हासनगर-अंबरनाथच्या रस्त्यावरच्या गाईचा आजचा प्रश्न तो आहे.

आपण उरलेला भात-भाजी कॅरीबॅगमध्ये भरतो, गाठ मारतो आणि कोपऱ्यावर ठेवतो. गाईला आतल्या भाजीचा वास येतो, गाठ सोडायला तिला हात नाहीत, मग ती अख्खी पिशवी गिळते. पहिला कप्पा शंभर-सव्वाशे लिटरचा. तिथे पिशव्या, सुतळ्या, जीन्सच्या चिंध्या एकमेकांत गुंततात, कडक गोळा होतो. पोट भरलेलं दिसतं आणि गाय उपाशी असते. महिनोन् महिने झुरते. तुम्ही रस्त्यात पोट फुगलेली, बरगड्या दिसणारी गाय बघितली असेल आणि गाभण असेल म्हणून पुढे गेला असाल. मीही गेलोय. डावी कूस फाडून ऑपरेशन होतं, आणि एकेका गाईच्या पोटातून कित्येक किलो प्लास्टिक निघतं.

आणि इथेही जुनीच गोष्ट. महाराष्ट्राने पातळ पिशव्यांवर बंदी आणली ती कधी? २६ जुलै २००५ च्या पुरानंतर, गटारं तुंबली म्हणून. ५० मायक्रॉनचा नियम त्यातून आला. मोठी बंदी २०१८ मध्ये आली. गाई त्याच्या आधीपासून पिशव्या खात होत्याच, पण शहर बुडेपर्यंत पिशवी कोणाला दिसली नाही.

पाण्याचंही तेच. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं, वालधुनीच्या काठावर. त्या काठावर शतकानुशतकं गुरं पाणी प्यायली असतील. आज तीच नदी उल्हासनगरातून जाताना रंग बदलते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि शेकडो माणसांना दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा बातमी झाली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला कासाडी नदीच्या परिसरात कुत्री निळी दिसायला लागली. ती रंगाने निळी झाली होती, रोगाने नाही, म्हणून लोकांनी आधी फोटो काढले. ते फोटो जगभर फिरले, मग एका कारखान्यावर कारवाई झाली. नुसतं आतून विषबाधा झालेलं कुत्रं कोणी व्हायरल करत नाही.

मला साथीच्या कामाची किंमत कमी करायची नाही. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा महाराष्ट्रात घरोघर लस पोचली. दगावलेल्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० मिळाले. चांगलंच झालं. पण त्याच आठवड्यात पोटफुगीने, तारेने, दुग्धज्वराने मेलेल्या गाईचा मालक त्या यादीत नव्हता. त्याला विमा असेल तर विमा, तोही कानातला बिल्ला शाबूत असेल तर. मेलेली गाय दोन्हीकडे तेवढीच मेलेली.

आमच्या आजोबांना काही मिळालं नाही, त्यांनी मागितलंही नाही. शेजारी मात्र दुसऱ्याच दिवशी गुरं घेऊन कुंपणाशी आले. आता भीती नव्हती ना. एका म्हाताऱ्या बाईने आजीला दूध आणून दिलं. पाणवठ्यावर बाया पुन्हा जवळ उभ्या राहायला लागल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता वाटतं, चार गुरांवर घर चालणारा माणूस दुसरं काय करणार?

आजोबांनी ती तार धुऊन चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवली. नंतर कल्याणच्या जुन्या बाजारातून एका फुटक्या स्पीकरमागचा गोल लोहचुंबक आणला, सुतळीला बांधला. पुढची बारा-तेरा वर्षं, गोठ्यात शेवटचं जनावर होतं तोवर, गवताची पेंडी सोडली की आधी ते चुंबक तिच्यावरून सावकाश फिरवायचे. बहुतेक दिवशी काही निघायचं नाही. कधी खिळा निघायचा, कधी पिन. तो ते शर्टाला पुसून खिशात टाकायचे आणि मग वैरण पुढे सारायचे.